शितावरून भात, पण कुठल्या पातेल्यातला?

माझ्या मुलाच्या कपाटात फोर्टीनायनर्सची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकी फुटबॉल संघाची, एक लाल जर्सी आहे, पाठीवर ५ आकडा. २०२१ साली त्याच्या दहाव्या वाढदिवसाला घेतली. दुकानातला पोरगा म्हणाला, "दोन मापं मोठी घ्या, हा ५ नंबरवाला पुढची दहा वर्षं इथेच खेळणार आहे." कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे हे आमच्या घरातलं जुनं शास्त्र, त्यामुळे मला ते एकदम पटलं.

ती जर्सी घालून मुलगा स्टेडियममध्ये गेला तो एकदाच. १८ सप्टेंबर २०२२, सांता क्लारा, म्हणजे संघाचं घरचं मैदान, समोर सिअ‍ॅटल सीहॉक्स. पहिला क्वार्टर संपायच्या आतच ५ नंबरवाला ट्रे लान्स चेंडू घेऊन मधून घुसला, गड्यांच्या ढिगाखाली सापडला आणि उठला नाही. घोटा मोडला होता. पायाला आधार बांधून त्याला गाडीवर घातलं, सगळा संघ भोवती गोळा झाला. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाला मात्र गाडी बाहेर जाईपर्यंतही धीर धरवला नाही. शेजाऱ्याला म्हणाला, "चला, आता निदान जिंकू तरी." लान्सच्या जागी जिमी गॅरोपोलो आत आला आणि संघ २७-७ ने जिंकलाही. मला त्या माणसाचा तेव्हा भयंकर राग आला होता. आता वाटतं, बाकीचे मनातल्या मनात म्हणत होते तेच तो मोठ्यांदा बोलला. लान्सचा निकाल लागलेला होता. किती सामन्यांवर? सुरुवातीपासून मैदानात उतरला असे सामने चार, आणि त्यातला चौथा हा, जेमतेम पाव.

हा खेळ ज्यांना परका आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये संघाच्या जवळजवळ प्रत्येक खेळीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या (लान्स, गॅरोपोलो हे तेच) हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे त्याला अडीच-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याला आडवा करायला धावून येत असतात. लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, संघ बत्तीस, म्हणजे साऱ्या जगात या नोकरीच्या जागा बत्तीस. वर्षाचे नियमित सामने सतरा. चांगला क्वार्टरबॅक मिळाला तर संघाचं दशक उजळतं, नाही मिळाला तर प्रशिक्षक, व्यवस्थापक सगळे घरी जातात. म्हणून विशी-बाविशीतल्या पोरांना निरखून त्यांचं भविष्य सांगण्याचा इथे एक मोठा उद्योग उभा राहिला आहे. पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना, तो पाळणा इथे दर एप्रिलला टीव्हीवर हलतो. संघ एकेक फेरी करत, क्रमाने कॉलेजातली पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात.

थोड्या सामन्यांवरून कुणाला मोडीत काढू नये, हे तर सगळेच म्हणतात. म्हणून झालं की पुढच्या रविवारी काढतातही. माझी तक्रार जरा वेगळी आहे. सामने थोडे असणं हा या खेळाचा नाइलाज आहे, त्याला इलाज नाही. पण थोड्या माहितीवर घरदार लावायचं आणि डाव उलटला की पोराच्या नावाने बोटं मोडायची, हा नाइलाज नाही. ती सवय आहे, आणि ती बदलता येते.

लान्सवर काय लावलं होतं ते आधी बघू. मार्च २०२१ मध्ये फोर्टीनायनर्सने मायामी डॉल्फिन्सशी सौदा केला. बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर सरकण्यासाठी त्या वर्षीची, २०२२ ची आणि २०२३ ची अशा पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या, वर तिसऱ्या फेरीची एक. आणि घेतला कोण, तर नॉर्थ डकोटा स्टेट कॉलेजचा एक मुलगा, ज्याने कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने होते सतरा. त्यातले सोळा एकाच सीझनचे, २०१९ चे. २०२० साली कोविडमुळे त्याच्या वाट्याला एकच सामना आला.

२०१९ चा तो सीझन मात्र डोळे दिपवणारा होता. २८ टचडाऊन (म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार पोचवणं), २८७ पास आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती एकही नाही. शून्य इंटरसेप्शन. हे नशीब असेल का? शंभरात दोन पास गमावणारा बरा क्वार्टरबॅक धरला, तर सलग २८७ पास निर्धोक पडण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास निघते. म्हणजे नशीब नव्हे, पोरात काहीतरी होतंच. इथवर शितावरून भाताची परीक्षा बरोबर आली.

पण ही म्हण ज्या बाईने पहिल्यांदा उच्चारली असेल तिच्यासमोर एक पातेलं होतं. तेच तांदूळ, तेच पाणी, तोच जाळ. तिथे एक शीत बोटांनी दाबलं की बाकीच्या हजारांचं कळतं, कारण ती हजार त्याच्यासारखीच शिजत असतात. मी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नमुने तपासतो. आमच्याकडेही हजारोंतून मूठभर काढून निकाल द्यायचा असतो. तिथे "किती काढले" याच्या आधी एक प्रश्न विचारतात, "एकाच लॉटमधले आहेत ना?" दोन वेगळ्या लॉटमधले दहा काढलेत तर ते दहा नसतात, पाच आणि पाच असतात.

लान्सचं कॉलेज कॉलेज-फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर खेळायचं आणि त्या पायरीवर त्यांनी नऊ वर्षांत आठदा विजेतेपद मिळवलं होतं. समोरचे संघ निम्मे हरूनच मैदानात यायचे. क्वार्टरबॅकला उभं राहायला वेळ, फेकायला मोकळी माणसं, आणि आपण पुढे असल्यामुळे जोखीम घ्यायची गरजच नाही. शीत शिजलेलं होतं यात शंका नाही. पातेलं दुसऱ्या घरचं होतं.

मग मोठ्या लीगमधले चार सामने. पहिला ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅरिझोनात, तोही गॅरोपोलो जखमी म्हणून. दुसरा जानेवारी २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या एका कमकुवत संघाविरुद्ध, तो जिंकला. तिसरा ११ सप्टेंबर २०२२, शिकागो. तो सामना ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. पाऊस असा की मैदानावर तळी साचली होती. १९-१० असा जिंकल्यावर शिकागोचे खेळाडू पोटावर पडून त्या पाण्यातून घसरत गेले, पहिल्या पावसात पोरं रस्त्यावर करतात तसं. त्या दिवशी लान्सचे २८ पैकी १३ पास पोचले. दुसऱ्या दिवशी इथल्या रेडिओवर त्या १३ आकड्यावर तीन तास चर्चा झाली. पाण्याचा उल्लेख अधूनमधून. चौथा सामना वर सांगितलाच.

थोडा हिशेब करतो, कंटाळू नका. फोर्टीनायनर्ससाठी लान्सने एकूण १०२ पास टाकले, ५६ पोचले. ५५ टक्के. लीगची सरासरी ६५ च्या घरातली, त्यामुळे आकडा वाईटच दिसतो. पण शंभराच्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने टक्केवारी दहा इकडे, दहा तिकडे सरकते. म्हणजे लान्सची खरी कुवत ४५ असेल तर तो या लीगमध्ये उभा राहायच्याही लायकीचा नाही. ६५ असेल तर चारचौघांसारखा बरा. दोन्ही माणसं त्या ५५ मध्ये मावतात. आणि हे मी सगळे पास एकाच पातेल्यातले धरून सांगतोय. शिकागोचं पाणी त्यात धरलेलं नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो डॅलसला गेला, चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात.

आता दुसरी बाजू, कारण तीच सगळ्यांच्या तोंडी असते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये शेवटची, २६२ वी निवड फोर्टीनायनर्सची होती. या शेवटच्या माणसाला इथे थट्टेने 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात. मराठीत म्हणायचं तर खिजगणतीत नसलेला. त्यांनी आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी घेतला. लान्स पडला, मग ४ डिसेंबरला गॅरोपोलोचंही पाऊल मोडलं आणि तिसऱ्या क्रमांकाचा पर्डी मैदानात आला. समोर कोण, तर मायामी डॉल्फिन्स. ज्यांच्या घरी त्या तीन निवडी गेल्या होत्या तेच. सामना ३३-१७ असा जिंकला. पुढच्याच रविवारी पर्डीने सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना, समोर नावाजलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. ३५-७. त्या सीझनचे सुरुवातीपासून खेळलेले पाचही नियमित सामने तो जिंकला, पुढच्या वर्षी संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला, आणि मे २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार झाला. तोवर त्याचा मूळ पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत होता.

यावर आमच्या शनिवारच्या पोटलकमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, "शॅनहॅनची नजर बघा!" काइल शॅनहॅन म्हणजे प्रशिक्षक. अहो, पण नजर कसली? त्याच माणसाने, त्याच इमारतीत बसून, एका वर्षाच्या अंतराने एकावर पहिल्या फेरीच्या तीन निवडी लावल्या आणि दुसऱ्याला उरल्यासुरल्या शेवटच्या निवडीत उचललं. ज्याची किंमत जास्त तो गेला, ज्याची जवळजवळ शून्य तो राहिला. जोहरी एवढा पक्का असता तर पर्डीला सातव्या फेरीपर्यंत, अडीचशेच्या पुढे, ताटकळत ठेवलाच नसता. कुणी दुसऱ्याने नेला असता तर? ही नजर नाही, ही लागलेली लॉटरी आहे. लॉटरी लागल्याबद्दल अभिनंदन जरूर करावं, ज्योतिषी म्हणून बोलावू नये.

पर्डीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र समोरच पडलेली होती. कॉलेजात तो चार वर्षं, चाळीसहून जास्त सामने सुरुवातीपासून खेळलेला होता, लान्सच्या दुपटीहून अधिक. पण तो सहा फुटांच्या आसपासचा, हात बेताचा, पळणं साधारण. आणि एवढं खेळल्यामुळे त्याच्या चुकाही चाळीस सामन्यांच्या होत्या. लान्सच्या चुका कुणी पाहिल्याच नव्हत्या. लग्नाच्या बाजारात फोटोवरून पसंत पडलेलं स्थळ आणि शेजारच्या वाड्यातलं लहानपणापासून पाहिलेलं स्थळ यांत फोटोवालं नेहमी उजवं दिसतं, तसलाच हा प्रकार. कमी माहितीला आपण 'पोटेन्शियल' म्हणतो. जे दिसलं नाही ते चांगलंच असणार, असं गृहीत धरून चालतो.

ही खोड फक्त अमेरिकनांची नाही. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला नरेंद्र हिरवाणीने पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजचे १६ गडी बाद केले तेव्हा आमच्या चाळीत फटाके वाजले होते. नवा बेदी, नवा चंद्रा! त्याची पूर्ण कारकीर्द झाली १७ कसोटी, ६६ बळी. पहिला सामना वगळला तर सोळा कसोटींत पन्नास. वाईट नाही. पण फटाके काही पन्नासासाठी वाजले नव्हते.

फुटबॉलमधला याचा सर्वांत कडक धडा १९९८ चा. त्या वर्षी ड्राफ्टमधला पहिला पेटन मॅनिंग, दुसरा रायन लीफ. दोन सामने झाले तेव्हा लीफचा सॅन दिएगो दोन्ही जिंकलेला, मॅनिंगचा इंडियानापोलिस दोन्ही हरलेला. तिसऱ्या रविवारी कॅन्सस सिटीत लीफचे १५ पैकी १४ पास वाया गेले. पोचला तो एक, चार यार्डांचा. मॅनिंगने त्या वर्षी २८ इंटरसेप्शन फेकले, नवख्याचा तो विक्रम होता, आणि संघ १३ सामने हरला. पुढे पाच वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो मॅनिंग. लीफ लीगमध्ये एकूण २१ सामने सुरुवातीपासून खेळला आणि त्यातले चार जिंकला.

आणि मॅट फ्लिन! १ जानेवारी २०१२, ग्रीन बेचा मुख्य क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स विश्रांतीवर, म्हणून हा आत. ४८० यार्ड, सहा टचडाऊन. सुरुवातीपासून खेळलेला हा त्याचा फक्त दुसरा सामना. दोन-अडीच महिन्यांत सिअ‍ॅटलने त्याला तीन वर्षांच्या करारावर उचलला. एप्रिलमध्ये त्याच सिअ‍ॅटलने ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर, उंचीला कमी म्हणून मागे राहिलेला रसेल विल्सन घेतला. फ्लिन सीझनभर बाकावर बसून विल्सनचा खेळ पाहत राहिला. न्यूयॉर्क जेट्सच्या माइक व्हाइटने ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात ४०५ यार्ड मारले. दोनच आठवड्यांनी बफेलोने त्याचे चार पास पळवले.

इथे लेख संपवून "म्हणून धीर धरा" म्हणणं सोपं आहे. पण तीही पळवाटच. चार सामन्यांतून काहीच कळत नाही, हे खरं नाही. काय कळतं आणि काय कळत नाही, हे वेगळं करावं लागतं.

टचडाऊन सामन्यात दोन-तीन. इंटरसेप्शन एखादं. जय-पराजय एकच. चार सामन्यांत जय-पराजयाचा नमुना चारचाच, त्यावरून कसला निकाल देणार? पण निर्णय सामन्यात तीसेक घ्यावे लागतात. चेंडू हातात आल्यावर नजर पहिल्याच माणसावर खिळते की दुसऱ्या-तिसऱ्याकडे जाते? समोरून धाड आली की पाय जागच्या जागी हलतात की पोरगा पाठ फिरवून पळत सुटतो? चेंडू सुटतो केव्हा, माणूस मोकळा झाल्यावर की व्हायच्या आधी? या गोष्टी चार सामन्यांत शंभरदा घडतात. पास पोचला की नाही हे पावसावर, झेलणाऱ्यावर, समोरच्यावर अवलंबून असतं. पण या निर्णयांतलं बरंचसं फक्त पोरावर असतं.

पर्डीच्या त्या पहिल्या संध्याकाळचं मला आठवतं ते हेच. मायामीने नवखा बघून त्याच्यावर सारखे जादा गडी सोडले. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला, प्रत्येक खेळीला डोळे अर्धे मिटत होतो, लान्सचा घोटा काही डोक्यातून गेला नव्हता. आणि दर वेळी धाडवाले पोचेपर्यंत चेंडू गेलेला असायचा. झेलणारा अजून पाठमोरा, तो वळला की चेंडू छातीशी. मुलगा म्हणाला, "बाबा, याला माहितीये तो कुठे वळणार आहे." त्याच्या दोन टचडाऊनपेक्षा, ३३ गुणांपेक्षा त्या अकरा वर्षांच्या पोराचं हे निरीक्षण जास्त मोलाचं होतं असं माझं मत आहे, बापाचा पक्षपात वजा करूनसुद्धा. म्हणजे थोड्या सामन्यांत पर्डी खरंच दिसत होता. फक्त गुणफलकावर नाही, पायांत आणि डोळ्यांत.

उलट्या बाजूनेही हे लागू पडतं. ह्यूस्टनच्या नवख्या सी. जे. स्ट्राउडने नोव्हेंबर २०२३ मध्ये एका सामन्यात ४७० यार्ड मारून नवख्यांचा विक्रम केला, वर्षभरात फक्त ५ इंटरसेप्शन. लोकांनी त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या पंगतीत, बसवायचंच बाकी ठेवलं. दुसऱ्या वर्षी ५ चे १२ झाले. तो बिघडला का? थोडा, पण बराचसा तो आपल्या मूळ जागी आला. शंभर पासमध्ये दोन चुकणाऱ्या माणसाचीही एखादी शंभरी बिनचूक जातेच, सात-आठांत एकदा. ती शंभरी पहिलीच निघाली की आपण त्याला विलक्षण म्हणतो.

मग एवढी शहाणी माणसं, दारात आकडेतज्ज्ञ बसवलेली, घाई का करतात? मला वाटतं उत्तर पैशाच्या रचनेत आहे. २०१० साली पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड ७.८ कोटी डॉलरचा सहा वर्षांचा करार घेऊन आला. २०११ ला खेळाडू-मालकांचा नवा करार झाला, नवख्यांचे पगार बांधले गेले, आणि त्या वर्षीचा पहिला, कॅम न्यूटन, चार वर्षांना साधारण २.२ कोटींवर आला. तरुण क्वार्टरबॅक एकाएकी स्वस्त झाला. स्वस्त असेपर्यंतच त्याच्याभोवती महागडे खेळाडू जमवून जिंकायचं, हे गणित बसलं. पहिल्या फेरीतल्याला कराराचं पाचवं वर्ष द्यायचं की नाही हे तिसरा सीझन संपताच, मेच्या सुरुवातीला, ठरवावं लागतं. म्हणजे घड्याळ पोराच्या प्रगतीवर चालत नाही, कराराच्या कलमावर चालतं. शिवाय प्रशिक्षकाची खुर्ची. दोन सीझन हरला की तो जातो, आणि नवा येतो तो स्वतःचा क्वार्टरबॅक मनात घेऊनच. जॉश रोझनला २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनाने दहाव्या क्रमांकावर घेतला. वर्षभरात प्रशिक्षक हाकलला गेला, नवा आला, त्याने पहिल्या क्रमांकावर कायलर मरी घेतला आणि रोझन मायामीला रवाना. तेरा सामन्यांत धडा आटोपला.

त्याच ड्राफ्टमध्ये सातवा होता बफेलोचा जॉश अ‍ॅलन. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२, आणि २०२४ चा सर्वोत्तम खेळाडू. त्या तीन वर्षांत त्याचा प्रशिक्षक बदलला नाही, खेळ रचणारा बदलला नाही, तिसऱ्या वर्षी स्टेफॉन डिग्जसारखा झेलणारा आणून दिला. मी हे उदाहरण देतो खरा, पण जरा हात राखून. कारण अलीकडे कुठल्याही चाचपडणाऱ्या पोराचं समर्थन करायचं झालं की "अ‍ॅलनसुद्धा आधी वाईटच होता" असं म्हणायची पद्धत पडली आहे. एक अ‍ॅलन सुधारला म्हणजे सगळे सुधारतात असं नाही. त्या एका शितावरून शंभर पातेली उतरवणं हा तोच घोटाळा, फक्त आशावादी.

संघांची बाजूही मी समजू शकतो. पोराला तीन वर्षं द्या म्हणणं सोपं आहे, पण २०२२ मध्ये फोर्टीनायनर्सचा जुनाजाणता गडी ट्रेंट विल्यम्स चौतिशीचा झाला होता. त्याने कुणाच्या शिक्षणासाठी थांबायचं? स्टेडियममध्ये पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थाने तिकिटाला मोजलेले डॉलरही खरेच होते.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. माहिती कमी असली की मोकळी जागा रिकामी राहत नाही, तिथे आपली जुनी समजूत जाऊन बसते. वॉरेन मून हा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक १९७८ साली कॉलेज गाजवून आला आणि त्याला लीगमध्ये कुणी निवडलंच नाही. कॅनडात जाऊन एडमंटनसाठी त्याने पाच विजेतेपदं मिळवली, मग इकडून बोलावणं आलं. २००६ मध्ये हॉल ऑफ फेम. ही जुनी गोष्ट म्हणावी तर २०१८ ला लामार जॅक्सनच्या वेळी लीगमधल्या एका थोर माजी व्यवस्थापकाने सुचवलं की त्याने क्वार्टरबॅक होण्यापेक्षा चेंडू झेलायला जावं. जॅक्सन पहिल्या फेरीत शेवटचा, ३२ वा गेला आणि २०१९ मध्ये एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला सुचवलेला बदल आकड्यांतून आलेला नव्हता. क्वार्टरबॅक कसा दिसतो याचं जे चित्र डोक्यात होतं, त्यातून आलेला होता. पर्डीची उंची, विल्सनची उंची, हे त्याच चित्राचे धाकटे भाऊ.

म्हणून मी पुन्हापुन्हा येतो तो ज्यांना चार सामनेही मिळत नाहीत त्यांच्यापाशी. टॉम ब्रेडी, २००० साली १९९ वा. २००१ च्या सप्टेंबरात ड्रू ब्लेडसो जखमी झाला म्हणून आत आला. कर्ट वॉर्नर, आयोवात एका किराणा दुकानाच्या फळ्यांवर माल लावणारा. १९९९ मध्ये सीझन सुरू होण्याआधी ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला म्हणून आत आला, आणि त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडू आणि सुपर बोल दोन्ही. पर्डी, दोन जखमींनंतर. २०२३ चा पहिला निवडलेला ब्राइस यंग याला कॅरोलायनाने दुसऱ्या वर्षी दोन सामन्यांनंतर बाकावर बसवला. तो परत आला कशामुळे? त्याच्या जागी खेळणाऱ्या अँडी डाल्टनच्या अंगठ्याला मोटार अपघातात मार बसला म्हणून. आणि परत आलेला यंग बाकावर गेलेल्या यंगपेक्षा बराच बरा खेळला. या यादीतला एकही जण कुणाच्या पारखी नजरेने पुढे आलेला नाही. मोडलेली हाडं आणि चेपलेली गाडी यांनी आणला.

यातून काय करावं हे सांगायला मी काही कुठल्या संघाचा सल्लागार नाही, पण एक गोष्ट हाताशी आहे. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिन (तिसरा) या क्वार्टरबॅकसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि दुसऱ्या फेरीची एक दिली. त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत त्यांनी आणखी एक क्वार्टरबॅक घेतला, कर्क कझिन्स. तेव्हा हसले होते लोक, एवढी किंमत मोजून नवरदेव आणला आणि शेजारी राखीव नवरदेव कशाला म्हणून. ग्रिफिन पहिल्या वर्षी झळकला, २० टचडाऊन, ५ इंटरसेप्शन, आणि जानेवारी २०१३ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध गुडघा गेला. २०१५ पासून संघ चालवला तो कझिन्सने. सगळ्या शहाणपणाच्या सौद्यात शहाणी निघाली ती चौथ्या फेरीची स्वस्त निवड. आपल्याला कळत नाही हे मान्य केलं की असंच वागता येतं. एका शितावर तीन वर्षांची निवड न लावता दर वर्षी एखादं स्वस्तातलं घेत राहायचं, त्याला सराव सामन्यांत नुसतं उभं न करता खरोखर खेळवायचं, आणि पहिल्याला बाजूला करताना "हा संपला" असं जाहीर न करता "अजून कळलं नाही" एवढंच म्हणायचं. पण "अजून कळलं नाही" हे वाक्य व्यवस्थापकाला पत्रकार परिषदेत उच्चारता येत नाही. ते उच्चारलं की लोक म्हणतात, मग तुला पगार कशाचा?

२०२१ च्या वसंतात, फोर्टीनायनर्सने तिसरा क्रमांक मिळवला तेव्हा, ते तिथे मॅक जोन्सला घेणार अशी जिकडेतिकडे चर्चा होती. त्याला घेतलं नाही. तो पंधरावा न्यू इंग्लंडला गेला, पहिल्या वर्षी चमकला, नंतर विझला, तिथून जॅक्सनव्हिलला, तिथेही काही जमलं नाही. २०२५ मध्ये पर्डीचा राखीव म्हणून तो सांता क्लाराला आला. पर्डीच्या पायाचा अंगठा दुखावला आणि जोन्सने आठ सामने सुरुवातीपासून खेळून पाच जिंकून दिले. लगेच रेडिओवर सुरू झालं: याला दुसऱ्या कुठल्या संघाला विकला तर पहिल्या फेरीची निवड येईल का?

मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. ५ नंबरची जर्सी त्याला अगदी मापात बसते, पण तो घालत नाही. परवा जेवताना म्हणाला, "बाबा, मॅक जोन्सची घेऊया का?"

"अरे, आठच सामने झालेत," मी म्हटलं. मग वरणात लिंबू पिळता पिळता विचारलं, "कुठल्या मापाची?"